इन्नोवातोर आणि बाकीचे

पोलंडमध्ये व्रोत्स्वाफ शहराजवळ वॉशिंग मशीन बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या 'सतत सुधारणा' खात्यात मी काही वर्षं नोकरी केली. खात्याचं नाव भारदस्त असलं तरी काम साधं होतं. लाइनवरच्या माणसांना ज्या युक्त्या सुचतात त्या कागदावर आणायच्या, चालण्यासारख्या असतील त्या चालवून बघायच्या आणि वर्षाच्या शेवटी त्यातून काय वाचलं याचा हिशेब वर पाठवायचा. त्याआधी भोसरीत मी हेच करत होते. तिथे सजेशन बॉक्स होता, कायझेनचे फलक होते, दर महिन्याला कोणाला तरी प्रेशर कुकर मिळायचा. त्यामुळे काम नवं नव्हतं, भाषा नवी होती.

भाषेनं मात्र फार छळलं नाही. सात विभक्त्या ऐकून बाकीच्यांना घाम फुटायचा, पण मराठी शाळेत 'प्रथमा ते संबोधन' घोकलेल्या माणसाला ते ओळखीचंच. उच्चाराचंही तसंच. पोलिश सी म्हणजे हुबेहूब 'चमचा'तला च, आणि डी-झेड ही जोडी म्हणजे 'जहाज'मधला पहिला ज. लखनौचा एक सहकारी माझ्याबरोबर होता, त्याला हे दोन आवाज शेवटपर्यंत साधले नाहीत. माझ्या आजीनं व्रोत्स्वाफच्या भाजीबाजारात बिनधास्त घासाघीस केली असती.

कँटीनच्या दारासमोर एक फलक होता. त्यावर निळ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: 'तिमाहीचा इन्नोवातोर'. खाली फोटो, फोटोखाली नाव आणि हुद्दा. इन्नोवातोर म्हणजे नवं काही आणणारा, नवी वाट काढणारा. लॅटिनमधून आलेला शब्द, न दुहेरी, जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर. शब्दकोशात एवढं दिलेलं असतं. शब्दकोशात दिलेलं नसतं ते हे, की लाइनवर हा शब्द कोणी कोणासाठी गंभीरपणे वापरत नाही. एखाद्यानं नवीन पद्धतीनं पट्टा ताणायला जाऊन मोटर जाळली, की मागून आवाज यायचा, "इन्नोवातोर शे झ्नालास्ल!" याचा मराठीत नेमका अर्थ, "आला मोठा शहाणा!"

खाली लाइनवर शब्द वेगळे चालत. सगळ्यात जास्त चालायचा तो 'पातेंत'. आपण पेटंट म्हणतो तोच हा, पण पोलिश बोलण्यात त्याला सरकारी शिक्का लागत नाही. "माझ्याकडे यावर पातेंत आहे" म्हणजे "मला याची युक्ती ठाऊक आहे". लोणच्याच्या बरणीचं अडकलेलं झाकण उघडायची युक्तीही पातेंत आणि वाकलेला पत्रा डाय न काढता सरळ करायचीही पातेंतच. 'विनालास्चा' (शेवटचा च चमच्यातला) म्हणजे शोध लावणारा, हा मानाचा शब्द. पण त्यानं लावलेला 'विनालाझेक', म्हणजे शोध, हा शब्द सूर बदलला की थट्टेचा होतो. एखादं वेडंविद्रं यंत्र बघून "हा कुठला विनालाझेक?" असं विचारलं जातं, तेव्हा ते कौतुक नसतं. ज्याच्या हाताला सगळं जमतं त्याला 'सोन्याचा हात' म्हणतात. आणि 'नोवातोर' हा इन्नोवातोरचा जुना भाऊ वर्तमानपत्रात जास्त भेटतो. तिथेही माणसापेक्षा त्याचं विशेषण पुढे असतं: नोवातोरी शस्त्रक्रिया, नोवातोरी नाटक.

हात चालवण्याची या लोकांची हौस जुनी आहे. पोलिश दूरदर्शनवर 1959 ते 1983 अशी जवळजवळ पंचवीस वर्षं आदाम स्वोदोवी नावाचे गृहस्थ 'स्वतः करा' हा कार्यक्रम करायचे. दोरा, लाकडाचा तुकडा, पत्र्याचा डबा घेऊन पडद्यावर काहीतरी चालतं-फिरतं उभं करायचे. माझ्याबरोबरचे पन्नाशीच्या पुढचे जवळपास सगळे फिटर त्यांचं नाव काढलं की खुलायचे. दुकानात वस्तू नसायच्या, त्यामुळे हौस आणि गरज यांत फारसा फरक नव्हता. फ्रान्या नावाचं एक साधं, गोल टबाचं कपडे धुण्याचं यंत्र तेव्हा घरोघरी असे. यंत्र म्हातारं झालं की त्याची मोटर काढून लोक धार लावायचे ग्राइंडर बनवत. आमच्या टूलरूमच्या मागच्या शेडमध्ये असा एक ग्राइंडर माझ्या वेळेपर्यंत चालू होता. सेफ्टीवाल्यांचा ऑडिट असला की त्याच्यावर ताडपत्री पडायची.

फ्रान्या किएल्त्से गावच्या एसएचएल कारखान्यात बनत असे. तोच कारखाना मोटारसायकलीही बनवायचा, आणि त्याच्या एम-11 या मॉडेलवरून 1960च्या दशकात भारतात राजदूत निघाली. हे मला टूलरूमच्या मिस्त्रींनी सांगितलं. माझ्या वडिलांकडे राजदूत होती हे कळल्यावर त्यांनी मला त्यांच्या खोलीत बसवून चहा पाजला. लिंबाची चकती घातलेला, दुधाचा नव्हे. त्या दिवसापासून आमचं जमलं.

मिस्त्री म्हणते कारण दुसरा शब्द नाही. पोलिशमध्ये त्यांचा हुद्दा 'माय्स्तर', जर्मनमधून आलेला. आपला मिस्त्री पोर्तुगिजांकडून आला. दोघांचं मूळ घर एकच, लॅटिन. ते मला 'पानी इंजिनिएर' म्हणायचे, म्हणजे 'इंजिनिअरबाई' असंच धरा. तिथे हुद्द्यानं हाक मारणं हा रिवाजच आहे. इंजिनिअरचं पोलिशमध्ये स्त्रीलिंग होतं, इंजिनिएर्का. पण कॉलेजची मुलं पदवीच्या प्रबंधाला इंजिनिएर्का म्हणतात, त्यामुळे मिस्त्रींच्या पिढीला तो शब्द बाईला लावणं चमत्कारिक वाटे. हा वाद तिथे बराच गाजला, आणि 2019मध्ये पोलिश भाषा परिषदेनं अशा स्त्रीलिंगी नामांवर आपलं म्हणणंही जाहीर केलं. फलकावर मात्र इन्नोवातोर पुल्लिंगीच राहिला, फोटो बाईचा असला तरी.

मला आधी वाटत होतं, हा शब्द आमच्या एचआर खात्यानंच आणला. तसं नव्हतं. 2004मध्ये पोलंड युरोपीय संघात गेला, आणि 2007 ते 2013 या काळातल्या मोठ्या निधी-योजनांपैकी एकीचं नावच 'इन्नोव्हेटिव्ह अर्थव्यवस्था' असं होतं. पैसे हवेत तर तुमचं काम नवं आहे हे अर्जात दाखवून द्यावं लागे. मग सगळंच नवं झालं. आमच्या एका प्रेसवर युरोपीय ताऱ्यांचं स्टिकर होतं आणि त्यावर तो शब्द होता. प्रेस चांगली होती, पण चार घरं सोडून शेजारच्या कारखान्यातही तशीच होती. सरकारी अर्जातून शब्द कंपनीच्या अहवालात आला, अहवालातून फलकावर. मधल्या प्रवासात त्याच्याबरोबर वस्तू राहिली नाही.

एकदा तर भलतंच झालं. विक्री खात्याबरोबर बैठक होती, नव्या मॉडेलबद्दल. विक्रीवाली मुलगी दहा मिनिटं 'आमचे इन्नोवातोरी' असं बोलत होती. ते काय वाचतात, कुठे राहतात, किती कमावतात. आमच्या बाजूचा शिफ्ट लीडर गोंधळला. त्याला वाटलं कोणीतरी त्याच्या माणसांची माहिती काढली आहे. नंतर उलगडा झाला. विक्रीच्या पाठ्यपुस्तकात इन्नोवातोर म्हणजे बनवणारा नव्हेच, नवी वस्तू सगळ्यात आधी विकत घेणारा गिऱ्हाईक! एव्हरेट रॉजर्स या अमेरिकन अभ्यासकानं 1962च्या त्याच्या पुस्तकात नवी गोष्ट समाजात कशी पसरते याचे टप्पे केले आणि पहिल्या अडीच टक्के लोकांना हे नाव दिलं. पोलिश पुस्तकांनी ते जसंच्या तसं उचललं. म्हणजे त्या एका खोलीत टेबलाच्या एका टोकाला इन्नोवातोर खिशातून पैसे काढत होता आणि दुसऱ्या टोकाला पाना फिरवत होता.

शब्दाची एक बाजू मला माझ्या पोलिशच्या शिक्षिकेकडून कळली, ती सांगायला हवी. त्या दिवसा सरकारी प्राथमिक शाळेत शिकवायच्या. शाळेत 'शैक्षणिक इन्नोवात्स्या' ही रीतसर गोष्ट आहे. शिक्षकानं शिकवण्याची नवी पद्धत लिहून काढायची, वर्ग आणि मुदत ठरवायची, शाळेपुढे ठेवायची आणि राबवायची. असं करणारा तो 'शिक्षक-इन्नोवातोर'. बाई गणित अंगणात खडूनं आखलेल्या पटावर शिकवत. त्यांना तो शब्द लागू पडे आणि त्या तो न लाजता वापरत. कारण विचारलं की दाखवायला त्यांच्याकडे अंगण होतं.

आमच्या कारखान्यात दाखवायला काय होतं ते आता सांगते.

वॉशिंग मशीनच्या टबाखाली शॉक अॅब्सॉर्बर असतात आणि ते ब्रॅकेटवर बसतात. आमच्या एका मॉडेलचे डावे-उजवे ब्रॅकेट दिसायला जुळे भाऊ. भोकांची जागा किंचित वेगळी आणि उजव्याच्या कडेला एक अर्धगोल खाच, बस. रात्रपाळीला, डोळे जड झालेले असताना उजव्याच्या जागी डावा बसायचा. बोल्ट जोर लावला की जायचेही. मग मशीन पुढे टेस्टला गेलं की स्पिनमध्ये थरथर कापायचं आणि रिवर्कला परत यायचं. रिवर्क म्हणजे टब पुन्हा उतरवणं, माणसाची चांगली अर्धी सकाळ. यावर उपाय म्हणून आधी लाल-पिवळे स्टिकर लावले, मग भिंतीवर चित्र लावलं, मग ट्रेनिंग झालं. कॅमेरा बसवण्याचं कोटेशनही आलं होतं. आकडा वाचून मॅनेजरनं फाइल बंद केली.

एका सोमवारी बघते तर उजव्या बाजूच्या फिक्स्चरवर लाकडाचा अंगठ्याएवढा तुकडा स्क्रूनं बसवलेला. त्याच्यावर हिरवा रंग होता, अर्धा उडालेला. झाडूच्या दांड्याचा तुकडा होता तो, करवतीनं सरळ कापलेला आणि पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केलेला. उजवा ब्रॅकेट ठेवला की त्याची खाच त्या दांड्याला बिलगून बसायची. डावा ठेवला की दांडा मध्ये येऊन तो तिरका राहायचा, बोल्ट लागायचाच नाही. चुकीचा ब्रॅकेट बसवणं अशक्य. जपानी पुस्तकात याला पोका-योके म्हणतात आणि त्यावर मी भोसरीत प्रेझेंटेशनं दिलेली आहेत, पण इतकं स्वच्छ उदाहरण माझ्या एकाही स्लाइडवर नव्हतं.

बसवला होता रात्रपाळीच्या एका ऑपरेटर बाईनं. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. मी विचारलं तेव्हा आधी त्या घाबरल्या. फिक्स्चरला परवानगीशिवाय भोक पाडलं होतं ना! मग म्हणाल्या, "रोज रात्री तेच, डोकं उठलं होतं." एवढंच.

मी फॉर्म भरला. आमच्या फॉर्मवर रकाना होता 'पोमिस्वोदाफ्त्सा'. हा शब्द पहिल्यांदा वाचून जीभ वळत नाही, पण फोडला की मराठी माणसाला घरचा वाटतो. पोमिस्ल म्हणजे कल्पना आणि दाफ्त्सा म्हणजे दाता. रक्तदात्यालाही तिथे याच घडणीचा शब्द आहे. कल्पना देणारा, पूर्णविराम. त्या रकान्यात मी बाईंचं नाव लिहिलं. टूलरूमनं लाकडाऐवजी नायलॉनच्या रॉडचा दांडा टर्नून दिला, दोन्ही लाइनींवर बसवला, रिवर्कचा तो प्रकार बंद झाला.

तिमाही संपली आणि फलक बदलला. इन्नोवातोर म्हणून फोटो शिफ्ट लीडरचा. खाली दोन ओळी: 'जोडणी प्रक्रियेतील त्रुटीनिवारणाच्या संस्कृतीसाठी.' बाईंचं नाव नव्हतं. दांड्याचाही उल्लेख नव्हता. मी एचआरकडे गेले तर उत्तर तयार होतं, आणि ते उत्तर खोटं नव्हतं हीच पंचाईत. फलक कल्पनेसाठी नाही, वृत्तीसाठी आहे. शिफ्ट लीडरच्या शिफ्टमधून सगळ्यात जास्त फॉर्म आले, म्हणून तो इन्नोवातोर. पोमिस्वोदाफ्त्साला तिचे पॉइंट मिळाले आहेतच, पॉइंटवर थर्मास मिळतो.

बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "कसली मी इन्नोवातोर्का! मी आपली काडी बसवली." थर्मास त्यांनी मुलाला दिला.

चिडले ते मिस्त्री. त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि कपाटातून एक प्लॅस्टिकची फाइल काढली. आत पिवळा पडलेला कागद. वर क्रमांक, टाइप केलेलं शीर्षक, पेन्सिलनं काढलेलं एका ड्रिल जिगचं चित्र, मापांसकट. खाली बचतीचा हिशेब, तासांत आणि झ्वोतींमध्ये. त्याखाली मुख्य इंजिनिअरची सही, शिक्का आणि मिळालेली रक्कम. कागदावर अर्जदाराचं नाव मिस्त्रींचं, आणि नावामागे शब्द होता 'रात्स्योनालिझातोर'.

हा शब्द आज पोलंडमध्ये तरुणांना सांगितला तर ते हसतात. कम्युनिस्ट राजवटीचा वास त्याला आहे. रशियनच्या वळणानं घडलेला. कामाची पद्धत अधिक शहाणपणाची, 'रॅशनल' करणारा कामगार तो रात्स्योनालिझातोर. 1950च्या ऑक्टोबरमधल्या एका वटहुकुमानं कामगारांच्या शोधांना आणि सुधारणांना कायद्याची चौकट दिली, 1972मध्ये नवा कायदा आला. कारखान्यांत रात्स्योनालिझातोरांचे क्लब निघाले, बिल्ले मिळू लागले. त्याच्याच आसपासचा दुसरा शब्द 'प्शोदोव्निक', म्हणजे कामात सगळ्यांच्या पुढे असणारा. 1947मध्ये विन्सेंती प्स्त्रोव्स्की नावाच्या खाणकामगारानं जाहीर पत्र लिहून बाकीच्यांना आपल्यापेक्षा जास्त कोळसा काढायचं आव्हान दिलं आणि तो देशभर गाजला. पुढच्याच वर्षी तो वारला. आंद्रेय वाय्दा यांचा 1977चा 'संगमरवरी माणूस' हा सिनेमा अशाच एका गाजवलेल्या आणि मग पुसून टाकलेल्या गवंड्यावर आहे. पण मिस्त्री दोघांत ठाम फरक करायचे. प्शोदोव्निक जास्त घाम गाळायचा, रात्स्योनालिझातोर कमी घामात काम करायचा. "पहिल्याला हार मिळायचा," ते म्हणाले, "दुसऱ्याला पैसे."

मी विचारलं, मग तेव्हा सगळं न्यायानं चालायचं म्हणता? मिस्त्री प्रामाणिक माणूस. म्हणाले, "कुठलं हो, इंजिनिअरबाई. वर्षाला अमुक इतके अर्ज यायलाच हवेत असा हुकूम असायचा. मग लोक खिळ्याची जागा बदलायचे आणि अर्ज करायचे. आणि चांगला अर्ज असला की त्यावर दुसरं नाव कोणाचं? मुख्य इंजिनिअरचं. त्याच्याशिवाय सही होत नसे." फाइलमधले आणखी दोन कागद त्यांनी दाखवले. दोन्हींवर दुसरं नाव होतं, आणि रक्कम निम्मी. "पण पहिलं नाव माझंच," ते बोट ठेवून म्हणाले. "ते त्यांना काढता आलं नाही."

इथे माझी बाजू ठरली. जुनी राजवट मला काही गोड वाटत नाही, मिस्त्रींनाही वाटत नव्हती. पण त्या कुरूप शब्दामागे एक कागद होता. कागदावर वस्तूचं चित्र, माणसाचं नाव आणि पैशाचा आकडा, तिन्ही एकाच पानावर. इन्नोवातोर या देखण्या शब्दामागे फोटो आहे आणि थर्मास आहे.

मग मी कायदा वाचायला घेतला. घरी, शब्दकोश मांडीवर घेऊन. पोलंडचा 30 जून 2000चा औद्योगिक संपदेचा कायदा मी चाळला, त्यात मला इन्नोवातोर भेटला नाही. 'रात्स्योनालिझातोर प्रकल्प' मात्र भेटला! कंपनीला वाटलं तर ती स्वतःचे नियम करून अशा सुधारणा स्वीकारू शकते, आणि स्वीकारली की करणाऱ्याला त्या नियमांप्रमाणे मोबदला द्यावाच लागतो. करणाऱ्याला कायदा म्हणतो 'त्फुर्त्सा'. निर्माता. कवीला, चित्रकाराला पोलिशमध्ये जो शब्द लावतात तोच. शोध लावणाऱ्या त्फुर्त्साचे हक्क कायद्यानं मोजून दिले आहेत: पेटंट, मोबदला, आणि कागदपत्रांत निर्माता म्हणून आपलं नाव येण्याचा हक्क. तिसरा हक्क वाचून मला ते मिस्त्रींचं बोट आठवलं.

आमच्या कंपनीत असे नियम केलेले नव्हते, त्यामुळे बाईंच्या दांड्याला कायद्याचं कलम लागू पडत नव्हतं. हे मी वकिलाला विचारून घेतलं. पण तेव्हापासून मी कोणत्याही अहवालात आधी नाव लिहायला लागले, मग सुधारणा, मग आकडा. मॅनेजरला ते विचित्र वाटायचं. हरकत घ्यायला त्याच्याकडे कारण नव्हतं.

पोलंडमध्ये खऱ्या करणाऱ्या माणसांची वाण कधी नव्हती. आमच्या मशीनच्या बाजूचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असायचा. पत्र्याची गुंडाळी न थांबवता सलग भट्टीतून आणि वितळलेल्या जस्तातून नेण्याची पद्धत तादेउश सेंजिमिर यांची. जन्म 1894चा, ल्वुफ शहरातला. महायुद्धामुळे शिक्षण अर्धवट राहिलं, शांघायला जाऊन खिळे-स्क्रूचा कारखाना काढला, आणि पुढे 1930च्या दशकात पोलंडमध्ये या पद्धतीची लाइन उभी केली. पातळ पत्रा लाटायची त्यांची मिल जगभर त्यांच्याच नावानं ओळखली जाते. आपल्याकडच्या पोलादवाल्यांच्या तोंडी ती 'झेड-मिल' आहे, पण त्या झेडमागचा माणूस त्यांना सहसा माहीत नसतो. क्राकुफच्या नोवा हुता भागातल्या अवाढव्य पोलाद कारखान्याला लेनिनचं नाव होतं. 1990मध्ये ते काढून सेंजिमिर यांचं दिलं. पुढे मालक बदलले ते सोडा. लेनिनच्या जागी पत्रेवाला बसला, ही बदली मिस्त्रींना अतोनात आवडायची.

दुसरं नाव त्यांच्या बोलण्यात हळहळीनं यायचं, यात्सेक कार्पिन्स्की. त्यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला के-202 नावाचा छोटा संगणक केला. त्या काळाच्या मानानं विलक्षण यंत्र होतं. थोडे नग बनले आणि काम बंद पाडण्यात आलं. मोठ्या सरकारी संगणक कारखान्यांशी आणि वरच्या साहेबांशी जमलं नाही. पुढे हा माणूस काही काळ खेड्यात जाऊन डुकरं पाळत होता. 2010मध्ये तो वारला, आमच्याच व्रोत्स्वाफमध्ये. आता त्याच्यावर पुस्तकं आहेत आणि त्यात तो सर्रास इन्नोवातोर, द्रष्टा वगैरे असतो. हयातीत त्याला हवी होती ती कारखान्याची एक चालू लाइन.

माझी तिथली नोकरी संपत आली तेव्हा कंपनीनं हीच सुधारणा योजना पुण्याजवळच्या कारखान्यात न्यायची ठरवली आणि कागदांचं मराठी माझ्याकडे आलं. फलकाचं नाव काय करायचं यावर मेलामेली झाली. कोणी 'नवप्रवर्तक' सुचवलं, कोणी 'नवोन्मेषक'. दोन्ही शब्द मी पुण्यातल्या एका लाइन लीडरला फोनवर वाचून दाखवले. तो म्हणाला, "मॅडम, हे दोन्ही सत्कार समारंभाचे शब्द आहेत. आपल्या पोरांना शाल अंगावर पडल्यासारखं वाटेल." एकानं 'जुगाडू' सुचवलं, तो मीच नाकारला. जुगाड या शब्दात काम भागवण्याचं कौतुक आहे, पण उद्या ते मोडेल हेही त्यात गृहीत आहे. रात्रपाळीच्या बाईंचा दांडा मोडणारा नव्हता. शेवटी फलक ठेवलाच नाही. त्याचे पैसे बक्षिसाच्या रकमेत घातले. थर्मास वगळून रोख देण्याचं मी सुचवलं, ते मात्र मान्य व्हायला बराच काळ गेला.

फॉर्म मराठीत नव्यानं केला. पोलिश फॉर्मवर वर विभागाचं नाव, मग शिफ्ट लीडर, मग विषय, आणि पोमिस्वोदाफ्त्सा पार खाली होता, सहीच्या शेजारी. मराठी फॉर्मवर पहिला रकाना आहे 'कल्पना कोणाची'. त्यासमोर एकाऐवजी तीन ओळी सोडल्या आहेत, कारण आपल्या लाइनवर युक्ती बहुधा दोघातिघांना मिळून चहाच्या सुट्टीत सुचते. साहेबांच्या नावाला रकाना आहे, तो मंजुरीच्या सहीपुरता, पानाच्या मागच्या बाजूला.